धुरींची पहिली ओळ

धुरी गेल्याचं मला प्राचीच्या फोनवरून कळलं. प्राची म्हणजे त्यांची मुलगी. सकाळचे अकरा वाजले होते, मी गवार मोडत बसले होते आणि फोनवर तिचं नाव पाहून नेहमीच्या खोडसाळपणाने "काय म्हणतायत आमचे सी शेलवाले?" असं विचारून बसले. पलीकडून एवढंच आलं, "मावशी, बाबा गेले…" त्यानंतर तिने काय काय सांगितलं, ते सगळं मी "हो… हो" करत ऐकलं आणि फोन ठेवल्यावर त्यातलं काहीही मला आठवेना. हातातली गवार तेवढी मोडून झाली होती. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी तीनदा हा लेख लिहायला घेतला आणि तीनदा 'मनमिळाऊ', 'हरहुन्नरी' असले शब्द उतरवून कागद फाडून टाकला. धुरी मनमिळाऊ वगैरे नव्हते. हट्टी होते, टोमणे मारण्यात पटाईत होते आणि चहात साखर कमी पडली तर दिवसभर तोंड पाडून बसायचे. पण माझं अडत होतं ते विशेषणांपाशी नाही. धुरींनी फार जपलेली एक गोष्ट माझ्यामुळे पुसली गेली. ती आपल्याच हातून गेली असं त्यांना वाटलं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. तीस वर्षं. हे सांगितल्याशिवाय मला धुरींवर एक ओळही लिहिता येणार नाही, एवढं कळायला पाच आठवडे लागले.

गिरण्यांचा संप होऊन सहा-सात वर्षं उलटली होती, तेव्हाची गोष्ट. दादरला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा काँप्युटर ब्युरो होता. परीक्षांचे निकाल, वाचनालयांचे कॅटलॉग, संस्थांच्या सभासदांच्या याद्या असलं दुसऱ्यांचं काम आम्ही काँप्युटरवर करून द्यायचो. मी गिरगावातल्या वाडीत वाढलेली, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, त्यावर वर्षभराचा काँप्युटरचा कोर्स केलेली. तेव्हा नाक जरा वरच असायचं. पहिल्या दिवशी मला काचेच्या खोलीत नेलं, तर तिथे चाळिशीचा एक सडपातळ माणूस अनवाणी उभा होता आणि प्रिंटरमधून धाडधाड बाहेर पडणारा कागद दोन्ही हातांनी झेलत होता. त्या प्रिंटरच्या आवाजाने आम्हा सगळ्यांचं डोकं उठायचं. धुरींना मात्र तिथे बरं वाटायचं. "बाई, संपानंतर पहिल्यांदा कानाला जरा आवाज मिळाला," असं ते मला त्याच आठवड्यात म्हणाले. परळच्या एका गिरणीत ते साच्यांवर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग काही वर्षं मिळेल ते काम, आणि शेवटी प्रिंटरला कागद लावायला म्हणून ते ब्युरोत आले. कागद लावता लावता आमच्या लोकांच्या बोटांकडे बघत राहिले, डिक्शनरी मांडीवर घेऊन जाडजूड पुस्तकं वाचत राहिले, आणि मी लागले तोवर साहेबांनी दोनपैकी एक मशीन सरळ त्यांच्या ताब्यात दिलं होतं. दुसरं मला मिळालं.

दोन्ही मशीनवर युनिक्सच होतं, पण दोघांचे शेल वेगळे. शेल म्हणजे मशीनशी बोलायची जागा. तिथे आपण एक ओळ टाइप करायची, शेलने ती समजून घ्यायची आणि मशीनकडून काम करवून घ्यायचं. माझ्या मशीनवर जुना, साधा शेल होता आणि धुरींच्या मशीनवर सी शेल. नव्वद टक्के बोलणं दोघांना सारखंच कळायचं, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत आमची रोजची भांडणं व्हायची. एखाद्या नावाला काही किंमत द्यायची असेल, तर धुरींच्या शेलमध्ये आधी 'सेट' लिहायचं, मग नाव, बरोबरचं चिन्ह, मग किंमत, आणि मध्ये ऐसपैस मोकळी जागा सोडली तरी चालायचं. माझ्या शेलमध्ये 'सेट' नको, आणि चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जरा जरी जागा सोडली तर तो अंगावर यायचा. "तुमचा शेल म्हणजे चाळीतली खोली," धुरी म्हणायचे, "पाय पसरायला जागाच नाही." माझ्या शेलमध्ये 'इफ' म्हणून सुरू केलेलं प्रकरण तीच अक्षरं उलटी करून 'फी' असं लिहून संपवावं लागे. ते पाहून धुरी पोट धरून हसले होते. "हे बरं आहे बाई! दुकान बंद करताना पाटी उलटी टांगायची!" मी त्यांना सांगायचे की तुमचा सी शेल नुसता वरवर गोड आहे, मोठं काम द्या, मग बघा कसा लटपटतो. ते म्हणायचे, मोठं काम तुम्ही करा, मला माणसासारखं बोलणारा शेल पाहिजे. आज हे लिहिताना मला वाटतं, त्या काळात मी घरच्यांशी जेवढी बोलले नसेन तेवढी या मोकळ्या जागांवरून धुरींशी भांडले असेन.

धुरींची एक सवय मात्र मला बिलकुल आवडायची नाही. गिरणीत त्यांच्या खात्यात रिवाज होता की पाळी बदलताना साचा नुसता सोडून जायचा नाही. भोंगा होऊन गेला तरी थांबायचं, येणाऱ्याला साच्याची खोड सांगायची, हा आज सारखा धागा तोडतोय, त्याचा आडवा धागा नेणारा धोटा उडतोय, समोर उभा राहू नकोस, आणि मगच हात पुसून निघायचं. काँप्युटरवर आल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. रोज लागणाऱ्या आज्ञा आम्ही एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायचो, म्हणजे फाइलीचं नाव टाइप केलं की सगळ्या आज्ञा एकामागून एक आपोआप चालत. धुरींच्या अशा प्रत्येक फाइलीची पहिली ओळ 'पुढच्यासाठी' अशी सुरू व्हायची. ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह, म्हणजे ती शेलसाठी नाही, वाचणाऱ्या माणसासाठी आहे. आणि पुढे इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी: पुढच्यासाठी, ही फाइल निकालाची जागा साफ करते, घाई करू नये. पुढच्यासाठी, ही फाइल मध्येच थांबली तर घाबरू नये, चहा पिऊन यावे. मला ते गावंढळ वाटायचं. प्रोग्रॅममध्ये टिपा लिहायच्या तर इंग्रजीत लिहाव्यात, असं मला कोर्समध्ये शिकवलं होतं. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. "पुढचा आमच्यातलाच असणार ना बाई," ते म्हणाले, "साहेब थोडाच बसणार आहे इथे?"

युनिक्समध्ये प्रत्येक माणसाची स्वतःची एक जागा असते, तिला 'होम' म्हणतात, घर. धुरींच्या त्या घरात ऑफिसचं काही नव्हतं, एकच फाइल होती. त्यांच्या साचेखात्यातल्या माणसांची यादी. संपात माणसं कुठल्या कुठे पांगली होती. कुणी गावी गेलं ते परतलं नाही, कुणी भाजी विकत होतं, कुणी वॉचमन झालं होतं. जो भेटेल त्याला धुरी विचारायचे, बाकीचे कुठे आहेत, काही कळलं का, आणि चिठ्ठीवर लिहून आणून जेवणाच्या सुट्टीत एका बोटाने टाइप करायचे. नाव, गाव, आता कुठे, काय करतो. तीन वर्षांत शंभराच्या वर नावं झाली होती. टाइप झालं की चिठ्ठी ते फेकून द्यायचे, मशीनमध्ये आहे ना, आता कागद कशाला. मी एकदा मोठ्या उत्साहाने म्हटलं, "धुरी, ही यादी अकारविल्हे लावून देऊ का? एका आज्ञेचं काम आहे." ते एकदम गंभीर झाले. "नको बाई, हात लावू नका. ही साच्यांच्या ओळीने आहे. गणपतच्या बाजूला मीच पाहिजे, मी तिथेच उभा असायचो." ऑफिसचं सगळं काम आम्ही दर शनिवारी टेपवर उतरवून ठेवायचो, पण स्वतःचं घर त्यांनी त्यातून वगळलं होतं. कंपनीच्या टेपवर आपली खाजगी माणसं कशाला, हे त्यांचं म्हणणं. इतक्या सरळ माणसाशी वाद कसा घालायचा?

त्या वर्षी गणपतीला धुरी मालवणकडे गावी गेले होते. नेमके तेव्हाच बाहेरगावच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचे लोक आमचं काम बघायला येणार होते, आणि साहेबांनी मला दोन्ही मशीनवरच्या फायली नीटनेटक्या करायला सांगितल्या. मला तेच हवं होतं. धुरींच्या वीस-पंचवीस फायलींतल्या 'पुढच्यासाठी' असलेल्या सगळ्या पहिल्या ओळी मी एका दुपारात उडवल्या. बाकी एका अक्षराला धक्का लावला नाही. शेल ज्या ओळीकडे बघतही नाही ती काढली तर काय बिघडणार, असं कुणीही म्हटलं असतं. मीही तेच म्हटलं. पाहुणे आले, बघून गेले, साहेब खूश झाले.

दहा दिवसांनी धुरी परत आले ते माझ्यासाठी खाज्याचा पुडा घेऊन. गावच्या गोष्टी सांगत सांगत ते मशीनसमोर बसले आणि जेवणानंतर त्यांनी निकालाची जागा, म्हणजे निकालांच्या उरल्यासुरल्या फायलींचा कप्पा, साफ करणारी ती फाइल चालवली. नेहमी जरा रेंगाळणारं काम क्षणात संपलं. मग त्यांनी निकालाची जागा पाहिली तर तिथला कचरा होता तसाच. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "बाई… जरा येता?" त्यांच्या घरात काहीच उरलं नव्हतं. यादी नव्हती. आम्ही दोघांनी दहा वेळा फायली दाखवायची आज्ञा देऊन पाहिलं, जणू अकराव्या वेळी ती उगवणार होती. मग ते तोंड धुऊन येतो म्हणून उठले, आणि मी सी शेलचं पुस्तक उघडलं. मला शंका आली होती, आणि पाचव्या मिनिटाला ती खरी ठरली. त्या काळच्या सी शेलचा एक नियम होता: चालवायच्या फाइलीची सुरुवात हॅशच्या चिन्हाने झाली असेल तरच तो ती स्वतः चालवायचा, नाहीतर साध्या शेलच्या हातात देऊन मोकळा व्हायचा. म्हणजे धुरींची ती पुढच्या माणसासाठी लिहिलेली ओळच इतकी वर्षं त्यांच्या फायली योग्य शेलकडे पाठवत होती. धुरींना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती ओळ मी काढली, आणि फाइल साध्या शेलकडे गेली. 'सेट' म्हणून जागेचं नाव ठरवायची धुरींची पद्धत त्याला कळली नाही. तक्रारही न करता त्याने त्याचा भलताच अर्थ घेतला आणि जागेचं नाव कोरंच राहिलं. पुढची आज्ञा होती, त्या जागी जा. जागा कोरी. आणि युनिक्सचा कुठलाही शेल, नुसतं 'जा' म्हटलं आणि कुठे ते सांगितलं नाही, तर घरी जातो. तिसरी आज्ञा होती, इथलं सगळं पूस.

धुरी अजून बेसिनपाशी होते. पाण्याचा आवाज येत होता. मी त्यांच्या खुर्चीत बसले, फाइल उघडली आणि ती पहिली ओळ जशीच्या तशी परत लिहिली. पुढच्यासाठी, ही फाइल निकालाची जागा साफ करते, घाई करू नये… शब्द पाठ होते मला. बाकीच्या फायली दुसऱ्या दिवशी गणपतीआधीच्या टेपवरून मूळ रूपात परत आणल्या. हे मी घाबरून केलं असं वाटत होतं, पण घाबरण्यासारखं काय होतं? ऑफिसचं काही गेलं नव्हतं, मला कुणी रागावणारही नव्हतं. त्या माणसासमोर माझी हुशारी उघडी पडू नये, एवढ्यासाठी मी ते केलं.

धुरी आले, त्यांनी ती फाइल ओळीओळीने तपासली. त्यात काहीच चूक नव्हती, आता कशी असणार? मग ते स्वतःशीच हिशेब लावल्यासारखे म्हणाले, "मी फाइल चालवलीच नसणार. घाईत आतल्या आज्ञा हाताने टाइप केल्या असणार, आणि जागा सांगायचीच विसरलो. गावाहून आलोय, डोकं अजून तिकडेच." मी सी शेलचं पुस्तक मिटून बाजूला सारलं. "संपात पण असंच झालं, बाई," ते थोड्या वेळाने म्हणाले. "कुठे जायचं ते कुणी सांगितलं नाही. सगळे घरी गेले. आणि मग सगळंच पुसलं." खाज्याचा पुडा माझ्या टेबलावर होता. तो मी घरीही नेला नाही आणि उघडलाही नाही, ऑफिसातल्या लोकांत वाटून टाकला.

पुढच्या सोमवारी धुरींनी साहेबांकडे जाऊन "मला पुन्हा प्रिंटरवर घाला" म्हणून सांगितलं. हात बरोबर चालत नाहीत म्हणाले. साहेबांनी त्यांना समजावलं, पण ते ऐकेनात, आणि पाच महिने ते पुन्हा अनवाणी उभे राहून कागद झेलत होते. दोन्ही मशीन माझ्याकडे आली. मला सी शेलमध्ये कुठे अडलं की मी मुद्दाम मोठ्याने बडबडायचे, म्हणजे ते येऊन काहीतरी टोमणा मारतील. ते यायचे, सांगायचे, आणि टोमणा न मारता परत जायचे. त्या पाच महिन्यांत मला कळलं की माणसाचं हसणं आपल्याला किती लागतं. मी घरी येऊन आईवर चिडायचे, ती बिचारी विचारायची, ऑफिसात काही झालंय का, आणि मी म्हणायचे, काही नाही.

यादी मात्र त्यांनी सोडली नाही. दुपारच्या सुट्टीत स्टुलावर बसून ते डोळे मिटायचे आणि साचेखात्याच्या दारातून आत शिरायचे. मी शेजारी वही घेऊन. "डावीकडे पहिला काशिनाथ. त्याच्यापुढे बाळा, तो कुडाळचा. मग खांब… खांबाला टेकून कोण उभा राहायचा? थांबा हां बाई…" असे ते डोळे मिटून एका ओळीतून जायचे आणि दुसऱ्या ओळीतून परत यायचे. नावं बरीचशी आली. पण कोण आता कुठे आहे, ते तीन वर्षांचं विचारलेलं सगळं गेलं होतं, ते पुन्हा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर. आणि मी गेले. कित्येक रविवार आम्ही दोघं लालबाग, परळ, भायखळा पालथं घातलं. मी गिरगावची असून लालबागच्या त्या चाळींमध्ये पूर्वी कधी पाऊल टाकलं नव्हतं. धुरी एकेका दारात उभे राहून हाक मारायचे आणि आतून कुणीतरी बाहेर येऊन म्हणायचं, "अरे धुऱ्या, तू जिवंत आहेस काय रे?"

एका रविवारी भायखळ्याच्या भाजीबाजारात काशिनाथ सापडला. डोक्याला फडकं बांधून कोथिंबिरीच्या ढिगामागे बसला होता. धुरींनी त्याला काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "लिही, काशिनाथ, इथेच आहे. बायको गेली म्हणून लिही. मुलगा दुबईला." मग माझ्याकडे वळून त्याने कोथिंबिरीची भलीमोठी जुडी माझ्या पिशवीत कोंबली. "ताई, लालबागवाले सांगत होते तुमच्याबद्दल. आमच्यासाठी कोण रविवार घालवतो हो? आमची सख्खी माणसं विचारत नाहीत." धुरी बाजूला उभे राहून अभिमानाने बघत होते. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते… पण मी कोथिंबीर घेतली, थँक यू म्हटलं आणि पुढे चालू लागले. माझ्या चुकीची भरपाई त्यांना उपकार वाटत होती, आणि तो गोड समज मोडायचं धैर्य मला झालं नाही. खरं सांगायचं तर तो समज मलाही हवासा वाटू लागला होता.

मीच साहेबांच्या मागे लागून धुरींना परत मशीनवर आणलं. ते आले, काम पूर्वीसारखंच चोख करायला लागले, फक्त पूर्वीपेक्षा सावकाश. हळूहळू टोमणेही परत आले. पुढे ब्युरो बंद पडला, मी माटुंग्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, धुरी एका छापखान्याच्या काँप्युटर विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात त्यांना खोली मिळाली. प्राचीने तिच्या पहिल्या नोकरीनंतर त्यांना घरी काँप्युटर घेऊन दिला आणि त्यावर त्यांनी हट्टाने युनिक्सच्याच घराण्यातली सिस्टिम घालून घेतली. त्यात आता नवा शेल होता, बॅश नावाचा, जो बराचसा माझ्या जुन्या शेलसारखा वागतो. त्या दिवशी त्यांचा फोन आला होता. "बाई, तुमचे लोक जिंकले. बरोबरच्या चिन्हाशेजारी अजून जागा सोडू देत नाहीत मेले. वर 'फी'सुद्धा आहे." मी म्हटलं, पाय पोटाशी घेऊन झोपा आता. ते इतके हसले की वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोन काढून घेतला. सी शेल आज माझ्या विद्यार्थ्यांना माहीतही नाही. फळ्यावर 'इफ' आणि 'फी' लिहिताना मी दरवर्षी क्षणभर थांबायचे, कुणीतरी पाटी उलटी टांगल्याचा विनोद करेल म्हणून. कुणी करायचं नाही. घरी येऊन मी तो धुरींना फोनवर सांगायचे. आता वर्गातून बाहेर पडल्यावर फोनकडे हात जातो आणि मग आठवतं. हे असं किती दिवस होत राहणार, कोण जाणे.

पंधरा दिवसांपूर्वी मी लालबागला त्यांच्या घरी गेले. दिवसकार्याला जाणं मला जमलं नव्हतं, म्हणजे जमवलं नव्हतं. प्राची म्हणाली, "मावशी, बाबांच्या जुन्या लोकांचे फोन येतायत, ती यादी सगळ्यांना हवीय. मला त्या काळ्या पडद्यात काही कळत नाही, तेवढी काढून द्या." खिडकीशेजारच्या टेबलावर काँप्युटर होता. मी त्यांच्या खुर्चीत बसले. यादी समोरच होती, साच्यांच्या ओळीने, पूर्ण. ती मी प्राचीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. काम झालं होतं, उठायला हरकत नव्हती. पण या नव्या शेलमध्ये 'हिस्टरी' म्हणून एक आज्ञा आहे. आपण आजवर काय काय टाइप केलं ते तो ओळीने दाखवतो. माझ्या बोटांनी ती आपसूक दिली. गेल्या कित्येक महिन्यांतल्या धुरींच्या आज्ञा पडद्यावर उतरल्या. यादी उघडली, बंद केली. यादीची प्रत केली. यादीत एक नाव शोधलं. आणि त्या प्रत्येकाच्या आधी तीन अक्षरं होती. कुठे एकदा, कुठे दोनदा, एखादी जुनी प्रत पुसायची असेल तिथे तीन-तीनदा. पी डब्ल्यू डी… पी डब्ल्यू डी… पी डब्ल्यू डी.

"हे सारखं सारखं काय लिहिलंय, मावशी?" प्राची माझ्या खांद्यावरून बघत होती.

"मी कुठे आहे, असं मशीनला विचारायची आज्ञा आहे ती."

"बाबांना माहीत नसायचं, ते कुठे आहेत?"

"माहीत असायचं गं. काही पुसण्याआधी खात्री करायची पद्धत असते."

"पण इथे तर ते काही पुसतही नाहीयेत, नुसती फाइल वाचतायत. तरी दोनदा विचारलंय." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मला वाटायचं वयामुळे विसरतात. मी एकदोनदा ओरडलेसुद्धा त्यांना, एकच गोष्ट किती वेळा तपासता म्हणून. तर म्हणाले, माझ्या हाताचा भरवसा नाही बाय, एकदा फार मोठी चूक झालीय या हाताने…"

मग मी सांगितलं. ऑफिस, गणपतीची सुट्टी, ती पहिली ओळ, बेसिनच्या पाण्याचा आवाज, सगळं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मला कळलंच नव्हतं. हातात ओला टॉवेल होता. माझं बोलून झाल्यावर त्या पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"इतकी वर्षां ह्यां पोटात घेवन रवलंस गो?" त्या म्हणाल्या. "अगो, तेव्हाच सांगलं असतंस तर हसले असते ते. 'बाईन माका फसवल्यान' म्हणान आख्ख्या लालबागात सांगत फिरले असते."

खरंच फिरले असते. काशिनाथलासुद्धा भायखळ्याला जाऊन सांगून आले असते. पाच मिनिटं मनसोक्त हसले असते, आणि पुढची तीस वर्षं त्यांना आपल्याच हातांवर पहारा ठेवत बसावं लागलं नसतं.